शेगडीवाल्या आणि गादीवाल्या

— सारख्या? दोन्ही गोळ्या सारख्या? अहो ताई, कागद उलटा धरलाय का तुम्ही? चौदा आणि अकरा म्हणे! परवा आमचे डॉक्टरसाहेब फोनवर कुणाला तरी हेच सांगत होते — एका गोळीवर चौदा जणींना दिवस राहिले, दुसरीवर अकरा, एवढ्या फरकावर काही ठरत नाही, तीन वर्षांची मेहनत गेली — आणि आवाज असा पडलेला, जसं काही ऐन लग्नात नवरी पळाली. मी दाराशीच होते. मुद्दाम नाही हो, माझं कपाटच त्या दाराला लागून आहे, आणि कान मला दोन मिळालेत ते काही नुसते डूल अडकवायला नाहीत. तेव्हाच मनात म्हटलं, मोठ्या ऑफिसातल्या लोकांनी गणितात माती खाल्ली. आणि आज तुम्ही स्वतःच आलात तपासणीला — बरं झालं, बसा. अलीकडे सरका, बाकाचा तिकडचा पाय डुगडुगतो. साहेब आत ऑपरेशनला आहेत, पाऊण तास काही हलत नाहीत. पाणी घेता? घ्या, त्यात काही नाही. — असं काय बघताय ग्लासात? कुणी काय सांगितलं तुम्हाला माझ्याबद्दल?

हां. उशी. उशीची गोष्ट सांगितली असणार. आख्ख्या दवाखान्याला माझी तेवढीच आठवण राहणार, मी मेल्यावरही भिंतीवर फोटो लावतील तो उशीसकट. आता काय झालं, नवी डॉक्टरीण आली होती, पहिलाच दिवस, फार शहाणी, फार गंभीर — मला राहवलं नाही. या निळ्या डगल्याच्या आत पोटावर उशी बांधली आणि बसले रांगेत, तोंड पाडून. वय वर्षं चौसष्ट! नंबर आला, आत गेले. किती महिने झाले, म्हणते. म्हटलं, महिने नाही मोजले बाई, लग्नाला बेचाळीस वर्षं झाली. तिने मान वर न करता सोनोग्राफी लिहून दिली! मी टेबलावर चढून आडवीसुद्धा झाले, आणि सोनोग्राफीवाल्याने यंत्र दाबलं तर शिवणीतून कापूस बाहेर. तो म्हणतो, मावशी, जुळं आहे, एक गादी न् एक लोड. — हसलात ना? त्या दिवशी बाकावरच्या बायका अशाच हसल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आणि ताई, इथे येणारी बाई हसत नाही हो. इथे येणारी बाई मोजते. पाळीचे दिवस मोजते, अंड्याचे मिलिमीटर मोजते, जावेची पोरं मोजते. एक तास तरी मोजायचं विसरल्या बिचाऱ्या.

तर गणित. मी चौथी शिकलेली, पाचवीत मास्तरांच्या खुर्चीला गोंद लावला आणि शाळेने माझा नाद सोडला, पण पंचवीसपर्यंत मोजायला चौथी पुष्कळ झाली. ऐका. माझं काम काय — तुम्हाला ठाऊकच आहे, पण माझ्या तोंडून ऐका, तुमच्या कागदात ते फार कंटाळवाणं लिहिलंय. शंभर बायका घ्यायच्या, ज्यांच्या अंडाशयात मण्यांच्या माळेसारख्या गाठी, पाळी चार-चार महिने बेपत्ता, आणि अंडं काही केल्या सुटत नाही. त्यांना गोळ्या द्यायच्या. एक जुनी गोळी, वर्षानुवर्षं सगळे डॉक्टर पहिली हीच देतात, तिचं नाव क्लो-काहीतरी. दुसरी नवी, म्हणजे नवी नव्हेच, मुळात छातीच्या कर्करोगाची, कुणा हुशार माणसाच्या लक्षात आलं की हीसुद्धा अंडं सोडवते. तिचं नाव ले-काहीतरी. आता बरी कुठली? तर दोन्ही एकसारख्या हिरव्या कॅप्सुलांत भरायच्या, एकसारख्या बाटल्यांत, बाटलीवर नुसता नंबर. एकीला पाच बाटल्या, महिन्याला एक, पाळीच्या तिसऱ्या दिवसापासून पाच दिवस घ्यायच्या. कुठल्या नंबरात काय आहे ते घेणारीला माहीत नाही, साहेबांना नाही, मला तर नाहीच — फक्त तुमच्या ऑफिसातल्या एका यादीला माहीत, आणि ती यादी कुलपात. मी कपाट उघडायचं, नंबर बघून बाटली द्यायची, रिकामी परत घ्यायची, जपून ठेवायची. मध्येच कुणाला दिवस राहिले तर तिच्या उरलेल्या बाटल्या बांधून तुमच्याकडे परत. बस्स. माकडालाही जमेल, असं साहेब म्हणाले होते, म्हणून तर मला दिलं.

पण ताई, कॅप्सूल हिरवी केली म्हणून आतलं औषध गप्प बसतं का? बायका इथे बसतात, या बाकावर, माझ्यासमोर. आणि बाई मला सगळं सांगते — डॉक्टरला सांगते “ठीक आहे”, आणि बाहेर येऊन मला सांगते ठीक काय काय नाही ते. दुसऱ्याच महिन्यात माझ्या ध्यानात आलं. काही जणी येतात त्या वहीने वारा घेत. मावशी, पंखा लावा, अंगातून नुसत्या वाफा निघतात, मानेवर घाम, डोळ्यांसमोर काजवे चमकतात. आणि काही जणी येतात त्या जांभया देत — हातपाय गळाले, चक्कर येते, इथेच आडवी होऊ का थोडी? पहिल्या त्या शेगडीवाल्या. दुसऱ्या गादीवाल्या. तोंडावर म्हणायची मी, काय शेगडी, पेटली का आज? त्याही हसायच्या. आणि पुन्हा गंमत अशी, की जी शेगडी ती पाचही महिने शेगडी, जी गादी ती गादीच. मग काय राहिलं लपून? इतका खर्च करून तुम्ही लोकांनी पडदा लावला आणि बायकांनी घामाने तो भिजवून टाकला.

हे बघा, कपाटाच्या दाराची आतली बाजू. या खडूच्या रेघा. कुणाला दिवस राहिले की एक रेघ. डावीकडे शेगडी, उजवीकडे गादी. मोजा, मोजा तुम्हीच. डावीकडे आठ. उजवीकडे — सतरा. सतरा आणि आठ! सतरा म्हणजे दुपटीहून जास्त! आता सांगा सारख्या. अहो, गादीवाल्यांचं अंडं सोनोग्राफीत असं वाढायचं — दहाव्या दिवशी बारा, बाराव्या दिवशी सोळा, मग अठरा, वीस, आणि सुटलं! शेगडीवाल्यांची अर्धी अंडी आठ-नऊवरच रुसून बसायची. म्हणून म्हणते तुमच्या ऑफिसात कुणीतरी डुलकी काढली. पंचवीस बायका तुमच्याकडेही, पंचवीस माझ्याकडेही. तुमच्या चौदा-अकरा, माझ्या सतरा-आठ. तीन जणी सरकल्यात कुठेतरी. शोधा. तुमचा तो लॅपटॉप उघडा आणि शोधा, मी पंखा लावते.

आणि हे नुसतं हरणं-जिंकणं नाही हो. साहेबांनी मला समजावलंय. या कागदावरून ठरणार की आता येणाऱ्या बाईला पहिली गोळी कुठली द्यायची — इथेच नाही, दुसरीकडचे डॉक्टरही वाचणार. दोन्ही सारख्या ठरल्या तर जुनीच चालू. मग तीन महिने शेगडी पेटवा, नाही जमलं की इंजेक्शनं. ती इंजेक्शनं बघितलीत? रोज पोटात टोचायची, रोज सोनोग्राफी, एकाऐवजी चार-चार अंडी पिकतात, पोट ढोलासारखं फुगतं. एकीला तीन राहिली होती एकदम. नवरा पेढ्यासारखं तोंड करून आला होता, तिसरं ऐकल्यावर इथेच, तुम्ही बसलाय तिथेच, खाली बसला. इंजेक्शनं वाईट नाहीत, ज्यांना लागतात त्यांना लागतात, पण गोळीवर भागत असेल तर सुई कशाला? म्हणून मी या आकड्यावरून एवढी भांडतेय. नाहीतर मला काय करायचंय, माझी सून तर —

माझी सून. हो, तीही होती ना यात. नंबर एकतीस. सांगितलं नाही का कुणी? लपवलेलं नाही काही, साहेबांना माहीत आहे, फॉर्मवर सही तिचीच. सात वर्षं झाली लग्नाला. बसस्थानकावर तिकीटखिडकीत बसते, दिवसभर काचेपलीकडे लोकांची पोरं बघते, अर्धं तिकीट, अर्धं तिकीट. घरी येऊन एक शब्द नाही. मी चेष्टा करते, तिच्या चपलेत कागद कोंबते, तिच्या डब्यात चिठ्ठी ठेवते — पूर्वी उलट चिठ्ठी यायची, “सासूबाई, तुमच्या दातांना कुलूप लावीन.” फार तिखट पोर. गेल्या वर्षी चिठ्ठ्या बंद झाल्या. माझा मुलगा म्हणतो, आई, आता पुरे तुझी थट्टा. थट्टा पुरे म्हणे! मग घरात उरलं काय?

तर एकतीस नंबर, आणि निघाली शेगडी. रात्रभर खिडकी उघडी, घामाने उशी ओली, डोळ्यांपुढे काजवे म्हणून तिकिटांवर चुकीचे शिक्के. पहिला महिना, अंडं नऊ. दुसरा महिना, आठ! वाढायचं सोडून घटलं! सोनोग्राफीच्या खोलीतून बाहेर आली आणि माझ्याकडे बघून हसली, ताई. ते हसू मला आवडलं नाही. सगळं संपल्यावर माणूस दुकानदाराला “बरंय, येते” म्हणून हसतो ना, तसं. आणि त्याच आठवड्यात सत्तावीस नंबरला दिवस राहिले, दुसऱ्याच महिन्यात. पक्की गादी, या बाकावर घोरायची. तिच्या तीन बाटल्या उरल्या. माझ्या सुनेचे महिने किती उरले? तीन. तिच्या बाटल्या तीन, हिचे महिने तीन. कपाटात शेजारी-शेजारी.

— पाणी घ्या ना. ग्लास तसाच आहे.

बरं, सांगते, त्यात काय. खोक्यात प्रत्येक नंबराच्या चार जादा चिठ्ठ्या येतात, एखादी भिजली-फाटली तर लावायला. सत्तावीसच्या बाटल्यांवर एकतीसची चिठ्ठी लावली, एकतीसच्या बाटल्यांवर सत्तावीसची. झालं. तिकडे परत गेल्या त्याही तीन, इकडे राहिल्या त्याही तीन. एक गोळी इकडची तिकडे — म्हणजे गेली, पण मोजदाद तर बरोबर! तुमच्याच ऑफिसातून पावती आली, “सर्व बाटल्या पोचल्या, धन्यवाद.” मी फ्रेम करून लावणार होते. आणि माझी सून? तिसऱ्या महिन्यात जांभया द्यायला लागली. मी स्वयंपाकघरात नाचले, खोटं नाही सांगत, लाटणं हातात घेऊन नाचले. चौथ्या महिन्यात अंडं वीस. आता पाचवा चाललाय तिला — पोटाचा पाचवा. परवा माझ्या चष्म्याच्या डबीत चिठ्ठी सापडली, “आजीबाई, बाळाला थट्टा शिकवलीत तर बघा.” आजीबाई म्हणाली मला.

तिला काही माहीत नाही हं. तुम्ही बोलू नका. कुणाचं काही बिघडलं का यात? उलट टाकून द्यायच्या गोळ्या कामी आल्या. म्हणून तर मग त्या शिवणकामवालीलाही — ती पण शेगडी, मशीनवर बसायची तर सुईत दोरा दिसेना तिला काजव्यांनी — आणि टॅक्सीवाली. टॅक्सीवालीला मी चक्क घाबरून दिल्या, हिला चालवताना काजवे दिसले तर कुणाला तरी गाडीखाली घेईल म्हणून. दोघींनाही राहिले! दोघींच्या रेघा इथे आहेत, उजवीकडे, या शेवटच्या. ही सुनेची, ही शिवणवालीची, ही — मी गादीकडेच ओढल्या, म्हणजे बरोबरच ना, गादीचीच गोळी खाल्ली त्यांनी. तिघी. चौथीचा विचार होता, पण बाटल्या उरल्या नाहीत.

काय हो? बोटं कसली मोजताय? तिघीच. शपथ घेऊन सांगते तिघीच.

तीन.

थांबा जरा. तुमच्या यादीत माझी सून कुठे असेल? नाही, म्हणजे — यादी तर आधीच ठरलेली, नंबरावर. एकतीस नंबर म्हणजे जुनी गोळी. मग तिला राहिलं ते तुम्ही जुनीच्या नावावर — पण ती खाल्ली नाही ना तिने! शेवटी तर नाही खाल्ली! — हो, हो, तुम्हाला कसं कळणार, तुमच्याकडे नंबरच येतो. एकतीसची बाटली, एकतीसची बाई, एकतीसचं पोर. शिवणवालीचं पण तिकडेच. टॅक्सीवालीचं पण. म्हणजे आठ आणि तीन अकरा. आणि सतरातून तीन गेल्या की — अरे देवा. म्हणजे गणितात माती तुम्ही नाही खाल्ली.

इथे बसते मी जरा. डुगडुगू दे.

तुम्ही लिहायला काय काढलंत? पेन ठेवा ना. अहो ताई — अहो, चेष्टा केली! बघा, कसा चेहरा झाला तुमचा! मी कशाला चिठ्ठ्या बदलते? माझी सून, माझंच काळीज, तिच्या औषधात मी हात घालीन? काही भलतंच झालं असतं म्हणजे? मला चौसष्टाव्या वर्षी सोनोग्राफीच्या टेबलावर चढायची अक्कल असली तरी एवढी नाही! नव्या माणसाला मी सगळ्यांनाच काहीतरी सांगते, लॅबवाल्याला विचारा, त्याला मी सांगितलं होतं साहेब जुळे आहेत, सोमवार-बुधवार वेगळे येतात, महिनाभर तो बुधवारी नवीन ओळख करून घ्यायचा. हां, असं. हसा. हसलात की छान दिसता. घाम फुटला होता तुम्हाला! — गेली ना वही बॅगेत? उत्तम. सारख्या तर सारख्या. चौदा-अकरा. साहेबांना मी समजावीन, पुढच्या वेळी जरा जास्त बायका घ्या म्हणून. चहा सांगू आता?

ती तिकडे कोपऱ्यात बसलीय ना, पिवळ्या कपड्यातली, फाइलने वारा घेतेय — ती यातली नाही, हो. शंभर तर कधीच पूर्ण झाल्या. ही नवी. अभ्यास संपल्यामुळे सगळ्यांना परत जुनीच सुरू केलीय साहेबांनी, निकाल लागेपर्यंत. तिसरा महिना तिचा. मघाशी विचारत होती, मावशी, पुढच्या महिन्यापासून पोटात सुया का हो? दुखतं का फार? मी म्हटलं, डासासारखं, फक्त डास डॉक्टरच्या पगारावर असतो. हसली नाही. बघा ना, दोन्ही हातांनी वारा घेतेय. चौकट लावून ठेवावी अशी शेगडी.

आता तुमचा कागद गेला की अशीच बसणार ही. आणि हिच्यामागून येणारी. आणि तिच्यामागून. सारख्या म्हणून.

ताई. ऐका, ती चेष्टा नव्हती.

नाही, नाही, परत हसू नका. पहिलं खरं होतं, मधलं खोटं, आता हे खरं. अहो, कसं सांगू — चिठ्ठ्या मी बदलल्या, या हातांनी, गोंद लावून. तिघींच्या. — हसताय काय! उशीचं वेगळं, हे वेगळं! लॅबवाल्याचंही वेगळं! काढा ना वही. मला घरी बसवतील, बसवू दे, माझ्या जागी माकड ठेवा. साहेब बोलणार नाहीत माझ्याशी. सून — तिचं मी बघते, तिला मीच सांगेन, ती काय करेल, दोन महिने चिठ्ठी लिहिणार नाही. तुम्ही आधी लिहून घ्या. “फार गोड आहात मावशी” — अहो, गोड काय! डोळे पुसताय कसले!

ते खोकं इकडे घ्या. रिकाम्या बाटल्यांचं. तुम्हाला तपासायचंच आहे ना? सव्वीस, तीस, ही बघा, एकतीस. माझ्या सुनेच्या चौथ्या महिन्याची. धरा उजेडात. चिठ्ठी जाड लागते की नाही हाताला? थांबा, माझी नखं अजून शाबूत आहेत — निघतेय — हा कोपरा — फाटली थोडी, फाटू दे. वरची गेली. खाली काय लिहिलंय? माझा चष्मा आत आहे. तुम्हीच वाचा. मोठ्याने.

वाचा ना, ताई. आता का नाही हसत?